रंगीत फिल्म घरी धुताना पाणी किती गरम हवं?

सगळी काळजी डेव्हलपरसाठी, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या पहिल्या रसायनासाठी, राखून ठेव. सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तो ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि अर्ध्या अंशाचा फरकही त्याला खपत नाही. तापमान चुकलं की फिल्मचे तिन्ही रंगथर सारखे उमटत नाहीत. सावलीत एक झाक, उजेडात दुसरी. स्कॅन करताना ती धड निघत नाही. त्यानंतरची रसायनं, ब्लीच आणि फिक्सर, मात्र २४ ते ४० अंशांत निमूट काम करतात, त्यांच्यामागे धावू नकोस.

थर्मामीटर आधी तपास. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. दोन्ही एकाच कोमट पाण्यात धर, फरक बाटलीवर लिहून ठेव. आणि मोजायचं ते बाटलीच्या आतलं रसायन, बाटल्या ज्यात गरम ठेवतोस त्या टबातलं पाणी नव्हे! बाहेर ३९ दिसतं तेव्हा आत बऱ्याचदा ३६ च असतं.

इंदूरात डिसेंबरात टब सारखा निवतो, म्हणून पाणी ३९ वर ठेव आणि डेव्हलपर ओतण्याआधी, फिल्म धुण्याच्या टाकीत असतानाच तिला मिनिटभर ३८ अंशांच्या पाण्यानं धू, म्हणजे टाकी आणि रीळ डेव्हलपरची ऊब खाणार नाहीत. मे महिन्यात उलटं. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चाळिशीपार जातं, तेव्हा बर्फ हाताशी हवा. मी तर उन्हाळ्यात पहाटेच धुतो. मत्स्यालयाचा हीटर घेऊ नकोस, बहुतेक ३४ च्या आसपास थांबतात.