वाचकांचे प्रश्न : हात ओढण्याआधी

(या सदरात पार्किन्सन्स हा हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हटलं आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात हेच शब्द रूढ आहेत.)

प्रश्न : माझ्या यजमानांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. बाथरूमच्या दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मी 'चला, चला' म्हणत हात ओढते, मग माझा आवाज चढतो आणि नंतर दिवसभर वाईट वाटत राहतं. सगळे म्हणतात ध्यान कर. त्याला वेळ कुठून आणू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ध्यान राहू द्या, आधी दाराचं बघू. अरुंद जागा, वळण आणि घाई एकत्र आली की पाय थिजतात. हात ओढला की त्यांचं अंग पुढे येतं, पाय मात्र जागीच राहतात आणि तोल जातो. 'चला, चला'ने ताण वाढतो, आणि ताणाने पाय आणखी थिजतात. म्हणून त्या क्षणी पहिलं काम तुमच्या स्वतःच्या अंगावर करायचं आहे.

ते थांबले की तुम्हीही थांबा. त्यांच्या बाजूला, किंचित मागे उभ्या राहा, एक हात त्यांच्या पाठीशी असू द्या. आपले तळवे टाचेपासून अंगठ्यापर्यंत जमिनीला टेकलेले जाणवू द्या. जबडा आवळला असेल तर सैल सोडा, खांदे खाली आणा. मग फुंकर घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडा. आधी सोडायचा, मग जेवढा आपोआप आत येईल तेवढाच घ्यायचा. असं दोनदा. वीस सेकंदही लागत नाहीत. आता शांतपणे म्हणा, 'थांबलोय आपण, घाई नाही.' त्यांना वजन डाव्या-उजव्या पायावर झुलवायला सांगा आणि ताल द्या : 'एक, दोन, मोठं पाऊल.' दाराशी जमिनीवर फरशीहून वेगळ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या पावला-पावलाच्या अंतरावर, साधारण ४० सेंमीवर, चिकटवल्या तर पुष्कळांचं पाऊल पट्टी ओलांडायला आपसूक उचललं जातं. पट्टीची कड सुटली की लगेच बदला, नाहीतर पाय तिच्यातच अडकेल. ओल्या जागी पट्टी नकोच.

हा श्वास ऐन वेळी पहिल्यांदाच करायला गेलात तर जमणार नाही, सराव शांत वेळी हवा. लेवोडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाची गोळी अनेकांना जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात, कारण अन्नातल्या प्रथिनांमुळे तिचं शोषण अडतं. सकाळी गोळी दिल्यावर नाश्त्यापर्यंतच्या त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं तुमची. खुर्चीत पाठ टेकून बसा, एक हात पोटावर. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासात हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून भर सोडण्यावर. चक्कर आली किंवा ओठांना मुंग्या आल्या, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करताय. मोजणं सोडून द्या, साधा श्वास घ्या. चार-सहा जड जात असेल तर तीन-चार मोजा. संध्याकाळच्या गोळीलाही हेच.

आणि त्यांना उठवताना श्वास रोखू नका. बहुतेक शुभंकरांची कंबर इथेच धरते. त्यांना खुर्चीच्या कडेशी सरकवा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, 'नाक पायांच्या बोटांवर' म्हणत पुढे वाकवा. ते उठतील तेव्हा तुम्ही श्वास सोडा. ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं तर मुळीच नाही.

प्रश्न : सासरे रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात. सासूबाई आणि मी आळीपाळीने जागतो. डोळे मिटून शांत बसले की मला रडूच येतं. मी काही चुकीचं करतेय का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. इतक्या जागरणानंतर डोळे मिटले की दाबून ठेवलेलं वर येतं. तुम्ही डोळे उघडे ठेवा. समोरच्या एका वस्तूवर नजर, मग ऐकू येणारे तीन आवाज, मग पाठीला खुर्ची लागतेय तो स्पर्श. दोन मिनिटं पुरे. रडू आलं तर येऊ द्या, थांबवण्याची धडपड जास्त थकवते.

झोपण्यापूर्वी स्नायू सैल करण्याची पद्धत करून बघा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. उजवी मूठ पाच सेकंद आवळा, निम्म्या जोरानेच, आणि एकदम सोडून पंधरा सेकंद नुसता फरक जाणवू द्या. मग डावी मूठ, खांदे कानांकडे, पोट, मांड्या. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर त्या वगळा. आवळताना श्वास चालू ठेवा. फार जोर लावला की मान दुखते, आणि लोक इथेच सोडून देतात.

सासऱ्यांच्या ओरडण्याबद्दल मात्र न्यूरोलॉजिस्टना जरूर सांगा. स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्ष होण्याचा हा त्रास पार्किन्सन्समध्ये बराच आढळतो आणि त्यावर उपाय आहेत. तोवर सासूबाईंचा पलंग वेगळा, सासऱ्यांचा बुटका, बाजूला जमिनीवर गादी आणि जवळची टोकदार वस्तू दूर. आळीपाळी एका रात्रीत वाटू नका. एक अख्खी रात्र तुमची, एक त्यांची, म्हणजे एकीला तरी सलग झोप मिळेल.

दोन आठवडे मन सतत उदास असेल, भूक गेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर श्वासाच्या सरावावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : बाबांचा चेहरा दगडासारखा झालाय. काही केलं तरी हसत नाहीत. मनाला लागतं. – एक वाचक, मडगाव

उत्तर : पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू साथ देत नाहीत, तो राग नव्हे. चेहऱ्यावरून ताडू नका, थेट विचारा, 'बाबा, आवडलं का?' आणि उत्तराला मनात दहा अंक मोजण्याइतका वेळ द्या. त्या दहा अंकांत तुमचे खांदेही खाली येऊ द्या.