नदी ओलांडली की रडणारा मुलगा

‘ट्रेनमध्ये बसलो की माझा मुलगा रडायला लागतो. सगळा डबा शांत असतो, आवाज फक्त आमचा. कुणी काही बोलत नाही, त्यामुळे जास्तच मेल्यासारखं होतं. आता मी त्याला घेऊन कुठे जातच नाही.’

टोकियोत राहणाऱ्या एका मराठी आईने समुपदेशनासाठीच्या ऑनलाइन भेटीत मला हे सांगितलं. तिकडचे रात्रीचे नऊ, पुण्यातले संध्याकाळचे साडेपाच. मुलगा नुकताच झोपला होता आणि ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हळू आवाजात बोलत होती. तिला इथे मी मीनल म्हणते आणि मुलाला ओम. ही हकिगत लिहायला तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही काळजी एकट्या मीनलची नाही. लहान मुलं घेऊन परदेशी गेलेल्या कितीतरी आया हीच अडचण सांगतात. जपानमधून ती जास्त तीव्रतेने येते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मीनलचं घर एदोगावा भागात, निशिकसाई स्टेशनजवळ. तिथे बरीच भारतीय कुटुंबं राहतात. नवरा आयटीत, ऑफिस ओतेमाचीला, म्हणजे तोझाई या मेट्रो मार्गावर सरळ एका गाडीने. ओम साडेतीन वर्षांचा. एप्रिलमध्ये तो बालवाडीत, तिकडच्या योचिएनमध्ये, जाणार होता. त्याआधी सांगलीहून सासू-सासरे येणार होते आणि क्योतोला जायचं ठरत होतं. शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, सव्वादोन तास ओमला घेऊन बसायचं, या विचारानेच मीनलची झोप उडाली होती. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, चार दिवस रडेल, मग होईल सवय. तू फार मनाला लावून घेतेस.’ नवऱ्याचं म्हणणं, लोकांकडे बघू नकोस. दोघंही प्रेमाने बोलत होते, पण त्याने तिला धीर आला नाही.

मीनलची भीती पोकळ नव्हती, हे मी तिला आधी सांगितलं. जपानमध्ये गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, गप्पाही दबक्या आवाजात चालतात. लहान मुलांच्या आवाजावरून तिथे वाद झाले आहेत. शेजारी पाळणाघर नको म्हणून रहिवाशांनी विरोध केला आहे. अखेर टोकियो महानगर शासनाने 2015 मध्ये नियम बदलून शाळेत न जाणाऱ्या मुलांचा आवाज ध्वनिमर्यादेतून वगळला. त्याच्या आदल्याच वर्षी, 2014 मध्ये, गाडीत बाबागाडी मिटायची गरज नाही असं सरकारी पातळीवर ठरलं. त्याआधी गर्दीत बाबागाडी उघडी ठेवणाऱ्या आईकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं जायचं. 2016 पासून ‘रडलं तरी चालेल’ असं लिहिलेले स्टिकर लोक फोनला, लॅपटॉपला लावू लागले, शेजारच्या आईला ते दिसावेत म्हणून. टोकियोच्या ओएदो मार्गावर 2019 पासून काही डब्यांत मुलं असलेल्यांसाठी चित्रांनी सजवलेली खास जागा आहे.

हे सगळं करावं लागलं, कारण तिथल्या आयांनाही तेच वाटत होतं. मीनलला ते ऐकून रडू आलं. ‘मला वाटलं आपण परके म्हणून आपल्यालाच असं होतं,’ ती म्हणाली.

आपल्याकडे लोकलमध्ये मूल रडलं तर समोरची बाई त्याला मांडीवर घेते, कुणी पर्समधून बिस्किट काढतं, कुणी ‘काय झालं रे बाळा’ म्हणतं. आपल्याला त्याची इतकी सवय असते की कुणीच काही केलं नाही तर तो आपल्याला राग वाटतो. तिकडे अनोळखी माणसाच्या मुलाला सहसा हात लावत नाहीत, आईला संकोच होईल म्हणून बघतही नाहीत. खाली घातलेल्या मानेचा अर्थ मीनल ‘ही माणसं आपल्यावर चिडली आहेत’ असा लावत होती. काही जण चिडलेही असतील. पण डबाभर माणसं चिडली आहेत असं धरून चालायला तिच्याकडे आधार नव्हता.

मग मी ओमबद्दल विचारलं. तो रडतो ते नेमकं कुठे? तिकीटफाटकापाशी, फलाटावर, बसल्याबसल्या, की नंतर? मीनलला सांगता येईना. ‘सुरुवातीला बरा असतो, मग एकदम किंचाळायला लागतो,’ एवढंच तिला आठवत होतं. पुढच्या रविवारी नवऱ्यालाही बरोबर घे आणि फक्त एवढंच बघून ये, असं मी सुचवलं.

उत्तर नवऱ्याने आणलं. निशिकसाईला तोझाईचे रूळ उंचावर आहेत. शहराकडे जाताना गाडी आराकावा नदीवरच्या लांब पुलावरून जाते. ओम खिडकीला नाक लावून पाणी बघत असतो. पूल संपतो, गाडी बोगद्यात शिरते, पुढचं मिनामी-सुनामाची स्टेशन जमिनीखाली आहे. बाहेर एकदम काळोख, आणि अर्धवट उघड्या खिडक्यांतून येणारा घरघराट. ओम रडतो तो इथे. परत येताना रडत बसतो आणि पुलावर आला की हळूहळू गप्प होतो.

साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘मला बोगद्याच्या आवाजाची भीती वाटते’ असं वाक्य जुळवता येत नाही. भीती कशाची हेही त्याला नीट उमगलेलं नसतं. तो फक्त रडतो. आपण त्याला हट्ट म्हणतो, लाडावलाय म्हणतो. या वयात भावना आवरण्याची ताकद मुलाकडे जेमतेम असते. ती त्याला जवळच्या मोठ्या माणसाकडून उसनी घ्यावी लागते. आणि नेमकं त्याच क्षणी ते मोठं माणूस घाबरून चारी बाजूंना वाकून माफी मागत असतं. मूल आईचा चेहरा बघतं आणि त्याची खात्री पटते की खरंच काहीतरी भयंकर घडतं आहे.

हे बोलत असताना मीनल गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘ताई, एक सांगायचं राहिलं. मी एकदा त्याचं तोंड दाबलं होतं. हाताने. तो माझ्याकडे असा बघत होता...’ पुढे तिला बोलवेना.

घाई न करता मी थांबले. तिची खरी शरम इथे होती. लोक काय म्हणतील ही वरची गोष्ट. आपण लोकांसाठी आपल्याच लेकराशी असं वागलो, हे तिला आत टोचत होतं. बाहेर जाणं बंद केलं तेही त्या दिवसापासून. ते पुन्हा होऊ नये म्हणून ती घरात बसली होती. मी तिला ‘जाऊ दे, होतं असं’ म्हटलं नाही. जे झालं ते मुलाला घाबरवणारं होतं आणि पुन्हा होता कामा नये, हे तिलाही ठाऊक होतं. पण ओमशी त्याबद्दल अजून बोलता येईल, हे तिला ठाऊक नव्हतं. लहान मुलांना माफी समजते. तिने त्याला सांगावं असं ठरलं: ‘त्या दिवशी ट्रेनमध्ये आईने तुझं तोंड दाबलं. आई घाबरली होती. ती आईची चूक होती. आता तू रडलास तर आई तुला जवळ घेईल.’ तिने ते सांगितलं. ओमने ऐकलं, म्हणाला, ‘काळोखात?’ मीनल म्हणाली, ‘हो, काळोखात.’ मग तो खेळायला गेला.

त्यानंतर आम्ही प्रवासाकडे वळलो. शहराची दिशा तूर्त सोडून दिली. निशिकसाईहून उलट्या दिशेला पुढचं स्टेशन कसाई. सगळा मार्ग उघड्यावर, बोगदा नाही. आणि तिथे रुळांच्या खालीच भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. टोकियोची पहिली भुयारी गाडी उएनो ते आसाकुसा 1927 मध्ये धावली. तिचा पिवळा डबा तिथे ठेवलेला आहे, आणि गाडी चालवून बघायची यंत्रंही आहेत. बोगदा कसा खणतात हे मुलांना तिथे दाखवतात. ओमने तिथे बाबांच्या मांडीवर बसून स्वतः बोगद्यातून गाडी नेली. ज्याची भीती वाटते ते आपल्या हातात आलं, थांबवता आलं, तर या वयाच्या मुलाला फार धीर येतो. ते पुन्हा पुन्हा तिथे गेले. मीनलला आधी तो वेळेचा अपव्यय वाटला. मला तोच उपचाराचा मोठा भाग वाटतो.

शहराच्या दिशेने पहिला प्रवास एकाच स्टेशनाचा. पुलावर असतानाच आईने सांगायचं, ‘आता पाणी संपेल, मग काळोख, मोठा आवाज, मग दिवे.’ कानांवर आवाज कमी करणारे मुलांचे हेडफोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रडला तर उतरायचं. मीनलला आजवर वाटायचं की गाडीत बसलो म्हणजे मुक्कामापर्यंत सोसायलाच हवं. फाटकाबाहेर न जाता फलाटावर बसलं तर जास्तीचं भाडं पडत नाही, पुढची गाडी काही मिनिटांत येते. बाकावर बसावं, पाणी प्यावं, वाटलं तर पुढे जावं, नाहीतर परत फिरावं. आजूबाजूच्यांना एकदा मान लववून ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणायचं, पुन्हा पुन्हा नाही. मग चेहरा मुलाकडे.

क्योतोचा बेत मी रद्द करायला सांगितला नाही, फक्त तो त्यांनी पुन्हा तपासावा असं सुचवलं. त्यांनी टोकियोपासून जवळचं, डोंगरातलं हाकोने निवडलं. तिथे जायला ओदावारा स्टेशनपर्यंत कोदामा या शिंकानसेन गाडीने साधारण पस्तीस मिनिटं. बॅगा आदल्या दिवशी ताक्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, हॉटेलवर पाठवल्या, त्यामुळे हात मोकळे राहिले. शाळेत न जाणाऱ्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही, पण ओमसाठी अर्धं भाडं भरून वेगळी राखीव जागा घेतली. चुळबुळ करायला ती हवीच. मूल फारच बिथरलं किंवा अंगावर पाजायचं असलं तर अकरा नंबरच्या डब्यात एक बंद खोली असते, कर्मचाऱ्यांना विचारून ती वापरता येते. ती तिथे आहे एवढं माहीत असणंही मीनलला पुरलं.

हाकोनेची डोंगरी रेल्वे 1919 पासून चालते. चढ इतका उभा की वाटेत तीन ठिकाणी गाडी दिशा बदलून उलटी निघते आणि चालक या टोकाकडून त्या टोकाला जातो. आजोबांनी ओमला सांगितलं की आपल्या बोरघाटातही पूर्वी गाडी अशीच दिशा बदलायची. खरं आहे ते. 1929 मध्ये नवा मार्ग होईपर्यंत तिथे तसं स्थानक होतं. हाकोनेच्या मार्गावर छोटे बोगदे बरेच आहेत. खंडाळ्याच्या बोगद्यात आपली मुलं ओरडतात, तसं तिथे ओरडता येत नाही, म्हणून ओम आणि आजोबांनी ठरवलं की बोगदा आला की एकमेकांचा हात घट्ट दाबायचा. एका बोगद्यात तो रडला. आजीने त्याला पदराखाली घेतलं. मीनल सांगते, की त्या वेळी तिने डब्यात कोण बघतंय ते पाहिलंच नाही.

प्रत्येक मुलाचं एवढ्यावर भागत नाही. मिक्सर, हात वाळवण्याचं यंत्र, टाळ्या, अशा सगळ्याच आवाजांना मूल कान झाकत असेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, येत असलेले शब्द मागे पडत असतील, तर ते बोगद्याचं प्रकरण नव्हे, डॉक्टरांना दाखवावं. जपानमध्ये तीन वर्षांची आरोग्य तपासणी कायद्याने ठरलेली आहे, पत्र घरी येतं. भाषा येत नाही म्हणून अनेक मराठी आया ती टाळतात. टाळू नये. दुभाष्याची सोय आहे का, हे आरोग्य केंद्रात आधीच विचारून ठेवावं. आईला स्वतःला बोलायची गरज वाटली तर टोकियोत 1973 पासून ‘टेल’ ही संस्था इंग्रजीतून फोनवर ऐकून घेते.

मीनलबरोबरच्या भेटी अजून चालू आहेत, आता तिच्या स्वतःच्या एकटेपणासाठी. ओम दुपारच्या मोकळ्या गाडीने शहरात जाऊन येतो. सकाळच्या गर्दीत ती त्याला नेत नाही. तोझाई मार्ग त्या वेळी टोकियोतल्या सर्वांत गच्च मार्गांपैकी एक असतो. उभं राहायला जागा नसते, आणि मूल रडलं तर उतरायलाही वाट मिळत नाही. नेऊ नकोस, असंच मी तिला सांगितलं आहे.