विश्वस्त केलंय? आधी डीड वाचा

अभिनंदन नंतर. आधी ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्ट कसा चालवायचा ते लिहिलेला दस्तऐवज, हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचा. खासगी कौटुंबिक ट्रस्टला भारतीय विश्वस्त कायदा, 1882 लागू होतो; धर्मादाय आयुक्त सार्वजनिक ट्रस्टसाठी, इथे नाहीत. पद नाकारायचं तर आत्ताच. एकदा स्वीकारलंत की मनात आलं म्हणून सोडता येत नाही.

ट्रस्टच्या नावाचं पॅन आणि वेगळं बँक खातं आहे ना, बघा. घरभाडं ‘तात्पुरतं’ म्हणून स्वतःच्या खात्यात घेऊ नका. मी आमच्या ट्रस्टच्या वाड्याची कौलं बदलली तेव्हा गवंड्याला 14 हजार रोख दिले, पावती घेतली नाही. दोन वर्षांनी चुलतभावाने गणपतीत, सगळ्यांसमोर हिशेब मागितला आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. राग आला, पण तोही ट्रस्टचा लाभार्थी, हिशेब मागणं त्याचा हक्कच होता. 1882 च्या कायद्याचं कलम 19 तेच सांगतं. तेव्हापासून पावती वहीला टाचतो, अगदी दहा रुपयांच्या झेरॉक्सचीसुद्धा.

सहविश्वस्त असतील तर डीडमध्ये मुभा असल्याशिवाय एकट्याने सही करू नका. मेहनतानाही सहसा डीडमध्ये लिहिला असेल तरच. रास्त खर्च मात्र परत घेता येतो. ट्रस्टचा प्लॉट विकायला काढलात तर तो स्वतः किंवा बायकोच्या नावाने घेऊ नका, भाव कितीही चोख दिलात तरी. लाभार्थ्यांपैकी लाडक्या भाचीला पैसे आधी, भांडकुदळ भाच्याला नंतर, हेही चालत नाही. कुठे अडलात तर कलम 34 खाली दिवाणी न्यायालयाचं मत मागता येतं. त्यासाठी वकील गाठा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका.