१७ जीबी रॅम मोकळी असूनही रेडिस 'कॅनॉट अलोकेट मेमरी' का म्हणतो?

तुमच्या प्रश्नातले आकडे असे: ३२ जीबी रॅम, स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) शून्य, रेडिसचा (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसचा) डेटा ९ जीबी, त्याच लिनक्स मशीनवर पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस. फ्री कमांड १७ जीबी शिल्लक दाखवते आणि तरी बॅकग्राउंड सेव्हच्या (मागच्या मागे डेटा डिस्कवर लिहिण्याच्या) वेळी फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत काढणं, फसतो. अगदी असाच प्रकार मी एका क्लायंटकडे पाहिलाय. तिथे रॅम वाढवायची ऑर्डर निघणार होती, सुदैवाने त्याआधी एक फाइल उघडून पाहिली.

तुम्हीही तीच पाहा: प्रॉक डिरेक्टरीतली मेमइन्फो. 'कमिट लिमिट' (किती मेमरी कबूल करता येईल) आणि 'कमिटेड एएस' (आतापर्यंत किती कबूल केली) या दोन ओळी वाचा. पहिल्यात १६ जीबीच्या आसपास आकडा दिसेल, पण तो कोणत्याही सेटिंगवर दिसतो; म्हणून 'व्हीएम ओव्हरकमिट मेमरी' ही कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) सेटिंगही बघा, ती २ असेल तर रोग तोच. कोणीतरी पोस्टग्रेससाठी ती २ केलेली असणार. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजांतच तसा सल्ला आहे, म्हणून त्या माणसाची चूक म्हणता येत नाही. पण २ असताना कर्नल वापरलेली मेमरी बघत नाही, कबूल केलेली बघतो. मर्यादा म्हणजे पूर्ण स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के (हा ५० म्हणजे 'ओव्हरकमिट रेशो'). गाडीत सीट रिकामी दिसते, पण चार्टवर ती पुढच्या स्टेशनपासून कोणाच्या तरी नावावर असते, तसं.

आता फोर्क. रेडिस सेव्ह करायला स्वतःची प्रत काढतो. प्रत्यक्षात मेमरीची पानं (छोटे तुकडे) लगेच कॉपी होत नाहीत. ज्या पानावर नंतर लिहिलं जातं तेवढंच कॉपी होतं. कर्नल मात्र हिशोबात पूर्ण ९ जीबी आणखी धरतो. आधीची कबुली १४ जीबी असेल तर बेरीज २३, मर्यादा १६. नकार.

उपाय दोन. रेडिस वेगळ्या मशीनवर न्या आणि तिथे ही सेटिंग १ करा. मी हेच करेन. ते जमत नसेल तर ओव्हरकमिट रेशो ५० वरून ८० करा, मर्यादा साधारण २५ जीबीपर्यंत जाते. सध्याच्या मशीनवरच थेट १ करू नका, कारण मेमरी खरोखर संपली तर ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) पोस्टग्रेसचाही बळी घेऊ शकतो.

आणि एक कळकळीची विनंती. सेव्ह फसल्यावर रेडिस लिहिणं बंद करतो, तेव्हा बरेच जण 'स्टॉप राइट्स ऑन बीजीसेव्ह एरर' (बीजीसेव्ह म्हणजे बॅकग्राउंड सेव्ह) या सेटिंगला 'नो' करून मोकळे होतात. अ‍ॅप चालू होतं, पण डिस्कवर जुनाच स्नॅपशॉट पडून राहतो. एओएफ (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी रेडिसची फाइल) चालू नसेल आणि रेडिस अचानक बंद पडला, तर मधल्या सगळ्या दिवसांचा डेटा गेला. तुम्ही ते आधीच केलं असेल तर आजच परत 'यस' करा, पण आधी रेशो वाढवून हाताने बीजीसेव्ह चालवा आणि रेडिसच्या इन्फो कमांडमध्ये शेवटच्या सेव्हची स्थिती 'ओके' आली का बघा. नाही आली तर मेमइन्फोच्या त्या दोन ओळी इथे टाका, पुढचं बघू.