बाबांना साइटवरून घरी आणा

“ताई, घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही. आमचा सगळा उत्साह संपलाय.” डॅलसहून एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. चार पानं आहेत. पुण्याच्या सूसला 2012 साली घेतलेला प्लॉट, थाटात झालेलं भूमिपूजन, दुसरा स्लॅब ओतला तेव्हा तिकडे वाटलेले पेढे, आणि मग: “पाच महिने झाले, घर जिथल्या तिथे आहे. नवरा म्हणतो, आहे तसं विकून मोकळे होऊ. मुलं विचारतात, तिथे राहणार कोण? सासूबाईंना स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं, आर्किटेक्ट म्हणतो आता भिंत हलणार नाही. मुखत्यारपत्र अर्धवट पडलंय. सांगा, उमेद टिकवायची कशी?”

अगं, तुझा थकवा मला पुरेपूर कळतो. नोकरी, मुलांच्या शाळा, तिथलं घर, आणि वर इथलं बांधकाम. आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हे ओझं वाहिलंय. पण तुझ्या पत्रातल्या तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी मी थांबले. “बाबा रोज साइटवर जातात. वय 74 आहे, पण त्यांना आवडतं.”

सासऱ्यांना हे आवडतं, असं तुला सांगितलं कुणी? त्यांनीच ना? आपल्या मुलाला दुसरं काय सांगतील ते?

पुढच्याच ओळीत तू लिहितेस, “रोज रात्री साडेदहाला त्यांचा फोन येतो. आज गवंडी आला नाही, वाळूत माती आहे, वॉचमन पैसे मागतोय. मग आम्हाला झोप लागत नाही.” तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा म्हणजे पुण्यात सकाळचे नऊ. चहा घेऊन, टोपी घालून हा माणूस साइटवर पोचलाय, तिथे चिटपाखरू नाही, आणि दिवसाची पहिली कटकट तो तुमच्या कानावर घालतोय. त्यांचा दिवस त्यानंच सुरू होतो आणि तुमचा त्यानंच संपतो. मुलांचा अभ्यास, तुझी तब्येत, त्यांचा गुडघा, यातलं काहीच बोलणं होत नाही. अशानं घराबद्दल प्रेम कसं उरेल? तुमची उमेद बांधकामानं खाल्लेली नाही, या फोननं खाल्लीय.

माझ्या धाकट्या भावाचा बंगला पाषाणला होत होता तेव्हा तो मेलबर्नला होता. आमचे वडील, नाना, बँकेतून निवृत्त झालेले. सुरुवातीला खरंच खूश होते. सिमेंटच्या गोण्या वहीत मांडायचे, गवंड्यांच्या मुलाबाळांची नावं त्यांना पाठ. मग ऐन एप्रिलमध्ये स्लॅब ओतला. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवावं लागतं. ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर निदान 7 दिवस, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं असेल तर 10, आणि कोरड्या उन्हाळ्यात ओपीसीलाही 10 दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं, असं काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक 456 सांगतं. नानांनी हे कुठून तरी वाचून घेतलेलं. वॉचमन गावाला गेलेला, आळ्यांतलं पाणी दुपारपर्यंत आटत होतं. नाना पाइप घेऊन बांबूच्या शिडीनं स्वतः वर चढले, उतरताना पाय घसरला आणि मनगट मोडलं.

भावाला कळवलं नाही. “तिकडे बसून तो बिचारा काय करणार,” म्हणून आम्हालाही गप्प बसवलं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा फक्त चेहऱ्यापुरता धरायचे, आणि भाऊ पलीकडून विचारायचा, “नाना, बाथरूमचा उतार बघितला का? बादलीभर पाणी ओतून बघा ना.” गळ्यात हात अडकवलेला माणूस म्हणत होता, “बघतो रे, उद्या बघतो.” मी तिथेच बसले होते. फोन माझ्याकडे घेतला आणि भावाला सगळं सांगितलं. नाना माझ्यावर आठवडाभर रागावले होते, रागावू देत.

त्यानंतर भावानं साइट इंजिनिअर नेमला. तुलाही माझं हेच सांगणं आहे, आणि या सदरातून मी ते सांगतच राहणार आहे. पगारी माणूस नेमा. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, चार-पाच बंगले हातावेगळे केलेला, आणि मुख्य म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा नव्हे तर तुमचा माणूस. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर असतोच, पण तो कॉन्ट्रॅक्टरचं बघणार. तुमचा माणूस काँक्रीट ओतण्याआधी सळयांमधलं अंतर मोजतो, सळया काँक्रीटच्या आत राहाव्यात म्हणून खाली कव्हर ब्लॉक लावलेत का ते बघतो, त्याच काँक्रीटचे क्यूब भरून 7 आणि 28 दिवसांनी ताकदीच्या तपासणीला पाठवतो, बिल आलं की प्रत्यक्ष मापाशी ताडून बघतो आणि मगच तुम्हाला पैसे सोडायला सांगतो. 74 वर्षांचे निवृत्त शिक्षक हे करू शकत नाहीत. त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवणंही अन्यायाचं आहे. गवंडी त्यांना “हो बाबा, हो बाबा” म्हणतो आणि त्याला करायचं तेच करतो. मग बाबा घरी येऊन रात्रभर तळमळतात.

“वेगळा इंजिनिअर परवडत नाही,” असं लिहिलंयस. त्याच पानावर हॉलला इटालियन मार्बल ठरल्याचंही लिहिलंयस. मार्बल सोडा. साधी चांगली व्हिट्रिफाइड टाइल घाला आणि उरलेल्या पैशांतून माणूस ठेवा. हे मी जरा कडक बोलतेय, पण सासऱ्यांच्या गुडघ्यापेक्षा फरशी मोठी नाही.

मग फोनची घडी बसवा. आठवड्यातून एकच साइटचा फोन, इंजिनिअरबरोबर. तुमच्याकडे शुक्रवारी रात्री नऊ वाजता पुण्यात शनिवारी सकाळचे साडेसात असतात, हिवाळ्यात घड्याळ एक तास सरकतं. फोटो त्याच्या आधी आलेले असावेत. काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, कोणता निर्णय तुमच्याकडून हवाय, एवढंच बोला. बाबांशी रोज बोला, पण घराबद्दल त्यांनी विषय काढल्याशिवाय नाही.

हे बाबांना तू सांगू नकोस. सुनेनं सांगितलं की “मला आता कामाचा समजत नाहीत” असं मनात बसतं. मुलानं सांगावं, आणि येईल तेव्हा समोर बसून सांगितलं तर उत्तमच. त्यांच्या हातातलं सगळं काढूनही घेऊ नका. त्यांच्या आवडीचं एक काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, ज्याला घाई नाही आणि ज्यासाठी शिडी चढावी लागत नाही. आमच्या नानांना लाकडाची जाण. सुताराला घेऊन ते भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जायचे, सागवानाच्या फळ्या बोटानं ठोकून, वास घेऊन, रेषा बघून निवडायचे. मुख्य दरवाजा त्यांनी एकट्यानं ठरवला. त्या काळात त्यांचा आवाज फोनवर वेगळा यायचा, भावाच्याही लक्षात आलं. तुझ्या सासऱ्यांना बागेची आवड आहे ना? अंगणात आंबा कुठे लावायचा, फणस कुठे, हे त्यांना ठरवू दे.

आता “पाच महिने घर जिथल्या तिथे” याबद्दल. ते तसं नाहीये, बाई. सांगाडा उभा राहतो तेव्हा दर महिन्याला घर वाढताना दिसतं, फोटोही झकास येतात. पुढचं काम दिसत नाही. भिंतीत झिऱ्या पाडून पाइप टाकायचे, आतलं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि कोबा, बाथरूममध्ये पाणी भरून दोन दिवस खाली ओल येते का ते बघायचं. शिवाय वाट बघण्याचे दिवस वेगळे. दोन आधारांत मोठं अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू 14 दिवस काढायचे नसतात, 6 मीटरपेक्षा लांब बीमचे 21 दिवस. जून ते सप्टेंबर पाऊस, मग पितृपक्षात लोक नवं काम काढत नाहीत. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा, तेव्हा बिहार-झारखंडकडचे कामगार गावी गेलेले. हे दिवस इंजिनिअरला विचारून आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग साइट बंद दिसली तरी पोटात गोळा येणार नाही.

विकायचं का? आत्ता नको. अर्धवट बांधकामाचा भाव गिऱ्हाईक पाडतंच, आणि थकलेल्या माणसानं असा निर्णय घेऊ नये. इंजिनिअर नेमल्यावर सहा महिने जाऊ द्या, मग दोघं मिळून ठरवा.

मुलांना सुट्टीत साइटवर न्या, त्यांच्या खोलीचा रंग त्यांना निवडू दे. एवढ्यानं पुष्कळ होतं.

आग्नेयेचं म्हणशील तर भिंत तशीच ठेवा, शेगडी ओट्याच्या आग्नेय कोपऱ्यात घ्या. सासूबाईंचं बहुधा समाधान होईल.

मुखत्यारपत्र मात्र लांबवू नकोस. भारतीय वकिलातीत सही-शिक्का झालेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात बांधकामापुरतेच अधिकार मोजून लिहा, विक्रीचा घालू नका. आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी महापालिकेत फेऱ्या मारायचं काम आर्किटेक्टच्या माणसाकडे सोपवा. मुखत्यारपत्र हातात आलं म्हणून बाबांना तिथे रांगेत उभं करू नका.