लाटेकमध्ये जुन्या छापील पुस्तकांसारखे रोमन अंक कसे जुळवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरला इतिहासाचा प्रबंध झीलाटेकमध्ये (लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचं युनिकोड फॉन्ट हाताळणारं रूप), मराठीत लिहिताय. सतराव्या शतकातल्या डच छपाईच्या मुखपृष्ठांवरची सालं मूळ वळणात हवी आहेत, म्हणजे हजारासाठी एम नाही, तर सी, आय आणि उलटा सी. अंकाचा रोमन अंक करून देणारी रोमननुमरल कमांड मात्र दर वेळी आजच्या पद्धतीचाच अंक देते.

लिहिण्याची सोय म्हणून कमांडची नावं आणि रोमन अक्षरं इथे देवनागरीत देतोय. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि कमांडच्या आधी बॅकस्लॅश. उलट्या सीसाठी पुढे नुसतं 'उ' लिहितो.

ही फॉन्टची अडचण नाही. फॉन्ट बदलून, पॅकेज शोधून दमलात तरी उत्तर मिळणार नाही, कारण आज आपण ज्याला रोमन अंक म्हणतो ती अनेक पद्धतींपैकी फक्त एक. चारसाठी आयव्ही, नऊशेसाठी सीएम ही वजाबाकीची पद्धत जुन्या काळी सक्तीची नव्हती. रोमच्या कलोसियममध्ये ४४ व्या दारावर एक्सएल-आयआयआयआय कोरलंय: चाळीस वजाबाकीनं, चार बेरजेनं, एकाच अंकात. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी आर्चवर १९१० हे साल एम-डी-सीसीसीसी-एक्स असं आहे. तेव्हा आधी तुमच्या मूळ पानावर नेमकी कोणती पद्धत आहे ते पाहा, मग कोड.

रोमननुमरल ही टेकच्या, म्हणजे लाटेक ज्यावर उभं आहे त्या मूळ प्रोग्रामच्या, गाभ्यातली कमांड. टेक लिहिणाऱ्या डोनाल्ड क्नूथनं तिचा कोड काही ओळींत बसवलाय आणि तो कसा चालतो हे मुद्दाम सांगितलेलं नाही, कोड्यांची आवड असणाऱ्यांनी सोडवावं म्हणून. १९९० चं एम-सीएम-एक्ससी होतं, एम-एक्सएम नाही, एवढं तिथे नमूद आहे. शून्य किंवा ऋण संख्या दिली की ती काहीच छापत नाही, आणि चूकही दाखवत नाही. ८००० दिले तर आठ एम. डोक्यावरची आडवी रेघ किंवा उलटा सी तिच्या गावीही नाही. म्हणून तिचा निकाल हा कच्चा माल समजायचा.

पहिली पायरी: वजाबाकीच्या जोड्या मोडून बेरजेची पद्धत करणे. जोड्या सहाच आहेत. सीएमचं डी-सीसीसीसी, सीडीचं सीसीसीसी, एक्ससीचं एल-एक्सएक्सएक्सएक्स, एक्सएलचं एक्सएक्सएक्सएक्स, आयएक्सचं व्ही-आयआयआयआय आणि आयव्हीचं आयआयआयआय. एका संख्येत यातली प्रत्येक जोडी फार तर एकदाच येते, त्यामुळे सरळ शोधा-बदला चालतं. लाटेक ३ च्या (लाटेकमधल्या नव्या प्रोग्रामिंग कमांडच्या) भाषेत टीएल-रिप्लेस-वन्सच्या सहा ओळी झाल्या.

इथे बहुतेकांचा घात होतो. रोमननुमरलमधून बाहेर पडणारी अक्षरं टेकच्या लेखी 'अक्षरं' नसतात, त्यांचा कॅटकोड (प्रत्येक चिन्हाला टेक देतं तो प्रकाराचा क्रमांक) १२ असतो. तुम्ही कोडमध्ये टाईप केलेल्या सीएमचा कॅटकोड ११. दिसायला सारखे, पण टेकसाठी वेगळे. मग शोधा-बदला काहीच बदलत नाही आणि तक्रारही करत नाही. उपाय सोपा आहे: रोमननुमरलऐवजी लाटेक ३ मधली इंट-टू-रोमन वापरा (मोठ्या अक्षरांसाठी रोमनमधला आर मोठा). तिची अक्षरं ११ कॅटकोडचीच असतात. दुसरी चूक याच जागी होते. निकाल चलात साठवताना टीएल-सेटचा 'एनएन' प्रकार वापरला तर आत कमांड न उलगडता तशीच पडून राहते आणि बदलायला अक्षरंच सापडत नाहीत. 'एनएक्स' किंवा 'एनई' प्रकार घ्या.

तपासायला १४४४ आणि १९९९ ही दोन सालं पुरतात, कारण दोन्ही मिळून सहाही जोड्या येतात. उत्तरं एम-सीसीसीसी-एक्सएक्सएक्सएक्स-आयआयआयआय आणि एम-डी-सीसीसीसी-एल-एक्सएक्सएक्सएक्स-व्ही-आयआयआयआय अशी आली पाहिजेत. घरच्या सालांवर करायचं तर नागपूर विद्यापीठाचं १९२३ घ्या: एम-डी-सीसीसीसी-एक्सएक्स-आयआयआय. सीताबर्डीच्या लढाईचं १८१७ मात्र या चाचणीला निरुपयोगी. त्यात वजाबाकीची एकही जोडी नाही, कोड बिघडलेला असला तरी उत्तर बरोबरच येईल.

आता उलटा सी. या पद्धतीत सी-आय-उ म्हणजे १०००. त्याचा उजवा अर्धा, आय-उ, म्हणजे ५००, आणि आजचा डी त्यातूनच आला. दोन्ही बाजूंना एकेक कमान वाढवली की दसपट: सीसी-आय-उउ म्हणजे १०,०००, आय-उउ म्हणजे ५०००. सीसीसी-आय-उउउ म्हणजे एक लाख, आय-उउउ पन्नास हजार. लायडन, अ‍ॅम्स्टरडॅमच्या मुखपृष्ठांवर १६३० हे साल सी-आय-उ, आय-उ, सी, एक्सएक्सएक्स असं भेटतं.

क्रम इथे महत्त्वाचा. आधी जोड्या मोडायच्या, मगच एम आणि डीच्या जागी नवी चिन्हं घालायची. उलट केलंत तर १९२३ मधल्या सीएममधला एम आधीच सी-आय-उ होऊन बसतो, सीएम ही जोडी उरतच नाही, आणि नऊशेच्या जागी सी, सी-आय-उ असलं विचित्र काहीतरी छापलं जातं. एमच्या जागी थेट अक्षरं न घालता स्वतःची एक छोटी कमांड घाला आणि तिच्यात चिन्ह कसं काढायचं ते एकदाच ठरवा. पाच हजारांपुढे जायचं असेल तर सलग दहा एम आधी बदला, मग सलग पाच, मग सुटे.

उलटा सी काढायचे तीन मार्ग आहेत. ग्राफिक्स-एक्स पॅकेजची रिफ्लेक्टबॉक्स सीची आरशातली प्रतिमा देते. रोटेटबॉक्स १८० अंशांत फिरवते. तिसरा मार्ग युनिकोड: षोडशमान २१८३, म्हणजे दशमान ८५७९, हा खास उलटा शंभर आहे, तो सिम्बॉल कमांडला ८५७९ देऊन मिळतो. बहुतेक लोक रिफ्लेक्टबॉक्स सुचवतात. मी रोटेटबॉक्स घेईन. धातूचे खिळे (टाइप) जुळवून छापण्याच्या काळात जुळारी पेटीतला सीचा खिळाच उलटा फिरवून बसवत. खिळा आरशात दिसतो तसा बसवता येत नाही, फक्त फिरवता येतो. ज्या टाइपात सीला वरच्या टोकालाच ठळक टोक असतं, त्यात फिरवलेल्या सीचं टोक खाली डावीकडे येतं, आरशातल्याचं वर डावीकडे. मूळ पानाचा फोटो मोठा करून बघा, फरक लगेच कळतो. रोटेटबॉक्सला ओरिजिन-बरोबर-सी हा पर्याय द्यायलाच हवा, कारण तो नसेल तर अक्षर डाव्या पायथ्याभोवती फिरतं आणि ओळीखाली लोंबकळतं.

रोटेटबॉक्सच्या पेटीत घातलेल्या अक्षराला फॉन्टचं कर्निंग (शेजारच्या अक्षरांमधलं अंतर जुळवणं) लागू होत नाही, म्हणून आय आणि उ यांच्यातली फट मोठी किंवा दाटलेली दिसेल. ऋण किंवा धन कर्न देऊन 'ईएम' या मापाच्या शंभराव्या भागांत हळूहळू जुळवा. किती ते फॉन्टवर आणि डोळ्यावर अवलंबून आहे. मुखपृष्ठासाठी अक्षरांत अंतर वाढवत असाल तर ते पेटीभोवतीही आपोआप येत नाही, तेवढं हातानं घाला. चिन्हांच्या गटांमध्ये बॅकस्लॅश-स्वल्पविरामाची बारीक जागा ठेवा. ती ओळ तोडू देत नाही, तेच हवंय.

युनिकोडचा मार्ग घेतलात तर फॉन्टमध्ये ते चिन्ह आहे का ते आधी पाहा. ज्युनिकोड हा मध्ययुगीन लिखाणासाठीचा फॉन्ट टेक लाइव्हमध्येच (टेक-लाटेकचा तयार संच) मिळतो, त्यात आहे. तपासायला इफ-फॉन्ट-कॅर कमांड आहे. चिन्ह नसेल तर लाटेक फक्त इशारा देऊन कुरकुरतं आणि पानावर रिकामी जागा किंवा चौकोन राहतो. ट्रेसिंग-लॉस्ट-कॅर्स ३ करून ठेवा. टेक लाइव्ह २०२१ पासून त्यानं सरळ चूक म्हणून काम थांबतं. युनिकोडमध्ये सबंध हजाराचंही एक चिन्ह आहे (८५७६). ते तीन तुकडे जोडून एक केल्यासारखं असतं, तीन सुट्या खिळ्यांच्या छपाईची नक्कल म्हणून चालत नाही.

मराठी प्रबंधात दोन अडचणी हमखास येतात. पहिली: कमांडला साल देवनागरी अंकांत दिलं तर टेकला ती संख्याच वाटत नाही, आणि 'संख्या सापडली नाही, शून्य धरली' या अर्थाची चूक येते. मजकुरात खुशाल १८१७ देवनागरीत ठेवा, कमांडच्या कंसात मात्र इंग्रजी कळफलकावरचेच अंक (1817). दुसरी: देवनागरी फॉन्टमध्ये लॅटिन अक्षरं नसतात किंवा बेतास बात असतात. न्यू-फॉन्ट-फॅमिलीनं एक लॅटिन फॉन्ट-कुटुंब जाहीर करा आणि तुमची कमांड स्वतःच गटाच्या आत त्या कुटुंबात जाईल अशी लिहा. दर वेळी हातानं फॉन्ट बदलायला गेलात तर दोनशे पानांत कुठेतरी विसरणार.

डोक्यावर आडवी रेघ म्हणजे हजारपट, ही दुसरी पद्धत. इथे संख्या हजारनं भागावी लागते, आणि टेकच्या नम-एक्स्प्र या हिशेबाच्या कमांडमधला भागाकार उरलेला भाग सोडून देत नाही, जवळच्या पूर्णांकाला नेतो. १८१७ भागिले १००० म्हणजे तिथे २! इंट-डिव्ह-ट्रंकेट वापरा, बाकीसाठी इंट-मॉड. हजारांच्या भागाला मॅथमध्ये ओव्हरलाइन, आत मॅथ-आरएम, आणि रेघ पूर्ण गटावर एकच. अक्षरागणिक दिलीत तर मध्ये फटी पडतात. ४००० पेक्षा लहान संख्यांवर रेघ येऊ नये अशी अट घाला. रेघेची जाडी नेहमीच्या फॉन्टात ०.४ पॉइंट, आणि रेघेखालची-वरची जागा धरून अक्षराची उंची एकूण २ पॉइंटनं वाढते. १० पॉइंट अक्षर, १२ पॉइंट ओळ असेल तर हे खपतं. ओळी दाटून बसवल्या असतील तर तेवढी एक ओळ खाली सरकते. लाखपटीसाठी वर आणि दोन्ही बाजूंना रेघा असतात. त्याला अ‍ॅरेमध्ये दोन उभ्या रेघांचा एक स्तंभ आणि सुरुवातीला एच-लाइन दिली की कोपरे नीट जुळतात. रोमनबार नावाचं पॅकेज आहे, पण ते वर आणि खाली अशा दोन्ही रेघा देतं, त्याचा हजारपटीशी संबंध नाही. आणि जुन्या लेखांत रेघ पुष्कळदा 'हा शब्द नाही, अंक आहे' एवढंच सांगते. मूळ संदर्भ न पाहता हजारनं गुणू नका.

हस्तलिखित हिशेबांतली छोटी अक्षरं सोपी आहेत. शेवटच्या आयचा जे होतो (मागून कुणी एक रेघ वाढवू नये म्हणून, असं कारण सांगतात), म्हणजे आठ हे व्हीआयआयजे. लाटेक ३ च्या रेजेक्स-रिप्लेस-वन्सनं शेवटचा आय बदलला की झालं. आयआयआयजेच्या डोक्यावर टेक्स्ट-सुपरस्क्रिप्टमध्ये एक्सएक्स म्हणजे चार विसा, ८०. आयजेच्या डोक्यावर सी म्हणजे २००. असे अंक थोडेच असतील, ते हातानं लिहा. त्यासाठी कमांड करण्यात वेळ घालवू नका.

यातली कोणतीही पद्धत पान क्रमांकांना लावू नका. शब्दसूची करणाऱ्या मेकइंडेक्सला साधे रोमन, अरबी आणि अक्षरी क्रमांक कळतात; आयआयजे दिसला की तो क्रमांक अवैध ठरवून ती नोंद टाकून देतो. सुरुवातीच्या पानांना साधी रोमन पद्धतच राहू द्या. शीर्षकात असा अंक असेल तर टेक्स-ऑर-पीडीएफ-स्ट्रिंग वापरा, पहिल्या कंसात तुमची कमांड, दुसऱ्यात साधं १८१७; नाहीतर हायपररेफ पॅकेज पीडीएफमध्ये करतं त्या बुकमार्कमध्ये कचरा येतो.

फिरवलेला सी पीडीएफमधून कॉपी केला की साधा सी म्हणूनच येतो, १००० चं सी-आय-सी होतं. अ‍ॅक्ससप पॅकेजनं संपूर्ण अंकाभोवती बिगिन-अ‍ॅक्ससप आणि एंड-अ‍ॅक्ससप लावून अ‍ॅक्च्युअल-टेक्स्टमध्ये साध्या आकड्यांत साल द्या. दिसायला जुना अंक, शोधला तर १६३० सापडतं. हे कमांडच्या आतच घातलं की पुन्हा लक्षात ठेवायला नको.

महालात किंवा सीताबर्डीवर छापायला देताना पीडीएफमधूनच थेट छापायला सांगा. कोरलमध्ये उघडून दुरुस्त्या केल्या की फॉन्ट बदलण्याची शक्यता असते. मग सी दुसऱ्याच फॉन्टातला येतो आणि तुम्ही जुळवलेली कर्नची मापं त्याला लागू पडत नाहीत. देण्याआधी टर्मिनलवर पीडीएफफॉन्ट्स (पीडीएफमधल्या फॉन्टची यादी देणारा प्रोग्राम) चालवा. 'ईएमबी' (फॉन्ट फाइलमध्येच घातलाय का) या रकान्यात प्रत्येक फॉन्टसमोर 'येस' दिसलं पाहिजे.