एसजीपीटी म्हणजेच एएलटी, हे यंत्राला कोण सांगणार?

प्रश्न: मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. मुलगी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुण्यातल्या एका संस्थेत क्लिनिकल ट्रायल डेटाचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा आहे. फी सव्वा लाख. माझा भाचा आयटीत आहे, तो म्हणतो, ‘मामा, ते सगळं काम आता ऑटोमेशनवर गेलंय, पैसे पाण्यात जातील.’ पैसे भरू की नको? — एक पालक, कोल्हापूर

नमस्कार,

तुमचा भाचा खोटं बोलत नाही. पण संपत चाललंय ते काम नेमकं कोणतं, हे बघितल्याशिवाय सव्वा लाखाचा निर्णय घेऊ नका. म्हणून आधी थोडं कामाबद्दल सांगतो.

नवं औषध बाजारात येण्याआधी माणसांवर त्याच्या एक नाही, अनेक चाचण्या होतात. कुठली पुण्यात, कुठली पोलंडमध्ये, कुठली अमेरिकेत. जिथली तिथली नोंदीची पद्धत वेगळी. तुमच्या धंद्यातलंच बघा. दहा अडत्यांच्या पट्ट्या पुढ्यात ठेवून यंदा एकूण गूळ किती आला असं कुणी विचारलं, तर एकानं रवे मोजलेत, दुसऱ्यानं क्विंटल लिहिलेत. रवाही कुणाचा दहा किलोचा, कुणाचा तीसचा. सगळं एका मापात आणल्याशिवाय बेरीज मांडता येत नाही.

औषधात ही बेरीज जिवाशी असते. घरातला एखादा जुना रक्ताचा रिपोर्ट काढा. यकृताच्या तपासणीत ‘एसजीपीटी’ लिहिलेलं असेल. बाहेरच्या देशातल्या रिपोर्टवर तीच तपासणी ‘एएलटी’ नावानं येते. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतो तो रक्तातला पिवळा घटक, आपण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो, युरोपात बऱ्याच ठिकाणी मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. आपला १ म्हणजे त्यांचा सुमारे १७. औषधानं यकृताला गंभीर इजा होतेय का, हे ओळखायची डॉक्टरांची एक जुनी खूण आहे: एएलटी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून वर आणि त्याच वेळी बिलिरुबिन दुपटीहून वर, आणि त्याला दुसरं कारण सापडत नाही. असा रुग्ण अख्ख्या चाचणीत एखादाच निघतो, कधी एकही नाही. सगळ्या चाचण्या एका नावाखाली, एका मापात असतील तरच तो नजरेस पडतो.

हे समान माप ठरवते सीडिस्क ही संस्था. १९९७ साली ती स्वयंसेवकांच्या गटातून सुरू झाली. चाचणीत गोळा झालेल्या नोंदी कशा मांडायच्या ते तिचं एसडीटीएम हे मानक सांगतं. त्यावरून विश्लेषणाचे तक्ते कसे बांधायचे ते एडॅम. १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या चाचण्यांचा डेटा नव्या औषधाच्या अर्जासोबत औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएला द्यायचा, तर तो याच साच्यात द्यावा लागतो. जपाननंही २०२० पासून तसंच केलं.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे येऊ. पूर्वी प्रत्येक चाचणीसाठी प्रोग्रामर सॅस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं प्रोग्राम लिहायचे. आता कुठला कच्चा रकाना कुठल्या मानक रकान्यात, कुठल्या मापात न्यायचा, हे एका तक्त्यात लिहून ठेवतात. त्याला मॅपिंग स्पेसिफिकेशन म्हणतात, बोलताना नुसतं ‘स्पेक’. प्रोग्राम तो स्पेक वाचून डेटासेट तयार करतो, आणि पुढच्या चाचणीला तोच स्पेक थोड्याफार दुरुस्तीनं चालतो. तपासणीसुद्धा यंत्र करतं. त्रास सुरू झाल्याच्या आधीच संपल्याची तारीख पडली असेल, तर ते लगेच ओरडतं. असं एक तपासणीचं इंजिन, नाव ‘कोर’, सीडिस्कनंच सगळ्यांना खुलं करून दिलंय. तेव्हा स्पेक समोर ठेवून ओळीमागून ओळ प्रोग्राम टाइप करणारी नोकरी आटत चाललीय, हे खरं.

पण स्पेक लिहायचा कुणी?

एक उदाहरण देतो. रुग्ण सांगतो, ‘मे महिन्यात कधीतरी अंगावर पुरळ उठलं.’ एसडीटीएममध्ये तारीख ‘२०२३-०५’ एवढीच लिहायची, दिवस मनानं भरायचा नाही. विश्लेषणाला पूर्ण तारीख लागत असेल, तर ती एडॅममध्ये ठरलेल्या नियमानं भरायची आणि शेजारी खूण करायची की हा दिवस आपण भरलाय. आता औषध १५ मेला सुरू झालं असेल, तर पुरळ औषधाआधीचं की नंतरचं? १ तारीख धरली तर औषध सुटलं, १५ धरली तर अडकलं. हा नियम माणसं बसून ठरवतात, कारण लिहून ठेवतात, आणि मग यंत्र तो हजार नोंदींना लावतं. नियम चुकला तर चूकही हजार ठिकाणी जाते.

तुमची मुलगी बी. फार्म.ला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं ते, शिकलीय. एसजीपीटी आणि एएलटी एकच, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. नुसत्या कोडिंगवाल्याला ते शोधावं लागतं. ही तिची खरी पुंजी आहे आणि ती ऑटोमेशनमुळे वाढणार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोर्सबद्दल मात्र मी सावध आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं असाच कोर्स केला. तिथं तयार प्रोग्राम पाठ करून घेतले. मुलाखतीत त्याला विचारलं, हा रकाना इथंच का? त्याला बोलता आलं नाही. त्याला मी वेळेत थांबवलं नाही, ही खंत मला अजून आहे.

म्हणून आत्ता पैसे भरू नका. परीक्षा झाली की तीन महिने घरीच करू द्या. ‘आर’ ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे. सॅसही शिकणाऱ्यांसाठी ऑनलाइन फुकट वापरता येतं. सीडिस्कनं सरावासाठी खुला केलेला एका जुन्या अल्झायमर चाचणीचा डेटा आहे, २५४ रुग्णांचा. त्यातून एएलटी तिपटीच्या वर गेलेले रुग्ण तिनं शोधून काढावेत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घरातल्यांचे चार वेगवेगळ्या लॅबमधले जुने रिपोर्ट घ्यावेत, नावं खोडावीत आणि एसडीटीएमच्या साच्यात एक तक्ता बांधावा, स्वतःच्या स्पेकसकट. कुठं अडलं, काय ठरवलं आणि का, हे वहीत लिहावं. मुलाखतीला ती वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाला येईल.

या कामात तिचा जीव रमला, तर मग कोर्सचा विचार जरूर करा. तेव्हा संस्थेत तुम्ही स्वतः तिच्यासोबत जा आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ऐकून घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: मुलं स्पेक स्वतः लिहितात की तयार मिळतो? आणि अर्धवट तारखेचं काय करायला शिकवता? उत्तर द्यायला शिकवणारा माणूस पुढे आला तर बसा. फक्त फीची पावती पुढे आली तर परतीची गाडी धरा.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो. ही कामं बहुतेक पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर इथं आहेत. सुरुवातीची वर्षं तिला कोल्हापूर सोडावं लागेल. त्याबद्दल घरात आत्ताच बोला, तिच्या आईसमोर. आणि तिचा तक्ता झाला की मला पाठवायला सांगा, मी तो ओळ न् ओळ वाचेन.